व्याधिक्षमत्वाची कल्पना : हेमाद्रीची ‘आयुर्वेदरसायन’ टीका आणि गोदाकाठचा आहार

१. विषयप्रवेश

रोगाला तोंड देण्याची शरीराची शक्ती स्वाभाविक उपायांनी कशी वाढवावी, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत सर्वांच्या तोंडी झाला आहे. जीवनसत्त्वे, खनिजे आणि निरनिराळी पूरके यांची आज मोठी बाजारपेठ आहे, आणि तिच्या समर्थनार्थ चरक-वाग्भटांची नावे वारंवार घेतली जातात. प्राचीन ग्रंथांत ही कल्पना कोणत्या रूपाने आली, मध्ययुगीन महाराष्ट्रात तिची मांडणी कोणी आणि कशासाठी केली, आणि विसाव्या शतकातील आहारशास्त्राने तिच्यात कोणती भर घातली, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ह्यासाठी केंद्रस्थानी घेतली आहे ती यादवांचा मंत्री हेमाद्री याची ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका. आणि पार्श्वभूमी म्हणून घेतला आहे तो प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणचा परिसर.

पैठण निवडण्यास कारण आहे. सातवाहनांच्या काळी राजधानी आणि व्यापारपेठ म्हणून गाजलेले हे नगर यादवकाळात विद्वान ब्राह्मणांचे व धर्मनिर्णयाचे पीठ होते. रामचंद्रदेव यादवाचा शके ११९३ (इ. स. १२७१-७२) चा ताम्रपट पैठण येथेच मिळाला, आणि फ्लीट यांनी तो प्रसिद्ध केल्यापासून यादवांच्या वंशावळीचे एक प्रमुख साधन म्हणून त्याचा उपयोग होत आला आहे. हेमाद्रीचे कर्तृत्व नेमके ह्याच कालखंडातले. तेव्हा राजसत्ता, धर्मशास्त्र आणि वैद्यक ह्या तिन्ही गोष्टी एकाच प्रदेशात एकाच वेळी एकमेकींच्या किती जवळ होत्या, हे पाहावयाचे तर याहून अनुकूल क्षेत्र नाही.

२. चरकसंहितेतील मूळ प्रश्न

‘व्याधिक्षमत्व’ ह्या शब्दाचे मूळ चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. तेथे अग्निवेश आपल्या गुरूला एक व्यावहारिक शंका विचारतो. हितकर आहार घेणारी माणसेही आजारी पडताना दिसतात आणि अहितकर खाणारी कित्येक निरोगी राहतात. मग आरोग्य आहारावर अवलंबून आहे असे कसे म्हणावे? ही शंका आजही कोणी विचारील. आत्रेयाने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, रोग उत्पन्न होण्यास आहार हे एकच कारण नसते. काळ, माणसाची स्वतःची चुकीची वर्तणूक आणि इंद्रियांशी विषयांचा अयोग्य संबंध हीही कारणे असतात. शिवाय अपथ्याचे बळ देश, काल, संयोग, वीर्य व प्रमाण यांनुसार कमीअधिक होते, आणि सर्वच शरीरे रोग सहन करण्यास सारखी समर्थ नसतात. अतिस्थूल, अतिकृश, ज्यांचे मांस-रक्त-अस्थी नीट बांधलेले नाहीत असे, दुर्बल, न मानवणाऱ्या अन्नावर पोसलेले, अल्पाहारी आणि अल्पसत्त्व अशा माणसांची शरीरे व्याधिक्षम नव्हेत, असे तेथे सांगितले आहे.

ह्या यादीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, व्याधिक्षमत्व हे येथे कोणत्याही द्रव्याचे विशेषण नाही, ते शरीराचे विशेषण आहे. एखादी वनस्पती व्याधिक्षम असते असे चरक म्हणत नाही. दुसरी अशी की, स्थूलता आणि कृशता ह्या दोहोंना एकाच रांगेत बसविले आहे. म्हणजे जितके अधिक तितके चांगले, हा हिशेब येथे लागू नाही.

अकराव्या शतकातील बंगाली टीकाकार चक्रपाणिदत्त याने ह्या शब्दाची फोड करताना दोन अंगे सांगितली : झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणे, आणि व्याधीच्या उत्पत्तीलाच प्रतिबंध करणे. ही फोड वाचताच आधुनिक रोगप्रतिकारशास्त्राची आठवण होते, आणि अनेक लेखकांनी दोहोंचे समीकरणही मांडले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथे थोडे थांबले पाहिजे. ‘क्षम’ ह्या शब्दात सोसण्याचा भाव आहे. ‘क्षमा’ हा शब्द त्याच धातूचा. उलट ‘रोगप्रतिकारशक्ती’ ह्या आजच्या मराठी शब्दात शत्रूवर चालून जाण्याची कल्पना आहे, आणि ती जंतुशास्त्राच्या उदयानंतरची आहे. गावाकडे ज्याला ‘काटक’ माणूस म्हणतात तो व्याधिक्षमाच्या अर्थाला अधिक जवळचा. दोन्ही कल्पना एकमेकींशी जुळतात, पण त्या एकच नव्हेत.

३. हेमाद्रीचा हेतू

हेमाद्री हा महादेव (१२६१-१२७१) आणि रामचंद्र (१२७१-१३११) ह्या दोन यादव राजांच्या कारकिर्दीतील श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्याचा प्रचंड धर्मनिबंध प्रसिद्धच आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याने लिहिलेल्या टीकेचे नाव ‘आयुर्वेदरसायन’. ही टीका सूत्रस्थानावर पूर्ण व इतर स्थानांच्या काही भागांवर उपलब्ध असून, निर्णयसागर छापखान्याने अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरा’ टीकेसह ती छापली आहे.

टीकेच्या आरंभी हेमाद्रीने आपला हेतू स्पष्ट सांगितला आहे. तो स्वतःला चतुर्वर्गचिंतामणीचा कर्ता म्हणवितो, राजा रामाच्या श्रीकरणावरील अधिकारी म्हणून आपली ओळख देतो, आणि म्हणतो की, त्या ग्रंथात सांगितलेली व्रते, दाने इत्यादी सिद्धीस जावीत ह्यासाठी आरोग्य हवे, म्हणून चरक, हारीत, सुश्रुत आदींच्या मतांना अनुसरून ही सुबोध टीका लिहीत आहे. टीका रामचंद्राच्या काळातली, म्हणजे १२७१ नंतरची आणि चतुर्वर्गचिंतामणी हाती घेतल्यानंतरची, हे ह्यावरून ठरते.

परंतु कालनिर्णयापेक्षा ह्या विधानाचा आशय अधिक महत्त्वाचा आहे. चतुर्वर्गचिंतामणीचा व्रतखंड हा तिथीतिथीच्या व्रतांचा विशाल संग्रह आहे. वर्षभराच्या उपवासांची आणि नियमांची ही मोठी व्यवस्था सांगणाऱ्या माणसालाच असे वाटले की, हे सर्व पेलण्यास शरीर समर्थ असले पाहिजे. आरोग्य हे येथे साध्य नाही, साधन आहे. पण साधन म्हणून ते इतके अपरिहार्य आहे की, धर्मनिबंधाला पूरक म्हणून वैद्यकग्रंथ लिहावा लागला. चरकाने अल्पाहारी माणसाला व्याधिक्षम मानले नाही, हे वर आलेच आहे. व्रत आणि आहार यांच्यातला हा ताण हेमाद्रीने वैद्यकाचा आधार घेऊन सोडवू पाहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या कामात हेमाद्री एकटा नव्हता. ‘मुग्धबोध’ व्याकरणाचा कर्ता बोपदेव हा त्याच्या आश्रयाखालील पंडित, आणि तो वैद्याच्या घरातला. त्याचे वडील केशव यांनी ‘सिद्धमंत्र’ नावाच्या लहानशा ग्रंथात आहारौषधी द्रव्यांची वात, पित्त व कफ यांवरील परिणामानुसार आठ वर्गांत विभागणी केली. बोपदेवाने त्यावर ‘प्रकाश’ ही टीका लिहिली. एखादे धान्य, भाजी किंवा फळ कोणत्या दोषाला शमविते एवढेच तेथे नेमके सांगितले आहे. म्हणजे तेराव्या शतकातील दख्खनमध्ये आहारद्रव्यांची पद्धतशीर वर्गवारी करण्याचा प्रयत्न राजाश्रयाने चालू होता.

४. नित्य आहार की रसायन?

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील अध्यायांचा क्रमच बोलका आहे. दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा, चौथा ‘रोगानुत्पादनीय’, म्हणजे रोग उत्पन्नच होऊ नयेत ह्याविषयीचा. सहाव्यात अन्नाचे स्वरूप, सातव्यात अन्नाचे रक्षण आणि आठव्यात अन्नाची मात्रा. औषधांपूर्वी एवढी पाने आहारविहाराला दिली आहेत. चौथ्या अध्यायाच्या शेवटी निरोगी कोण राहतो ह्याचे उत्तर देताना वाग्भटाने हितकर आहारविहाराबरोबर विचारपूर्वक वागणे, विषयांत न गुंतणे, दान, समता, सत्य आणि क्षमा यांचाही उल्लेख केला आहे.

आठव्या अध्यायात नित्य सेवन करावयाच्या पदार्थांची एक यादी आहे. साळी, गहू, जव, साठीचा तांदूळ, जांगल प्राण्यांचे मांस, कोवळा मुळा, पडवळ, मूग, तूप, दूध, मध, डाळिंब, द्राक्षे, आणि ह्यांच्याच बरोबरीने हिरडा, आवळा व सैंधव मीठ. आज आपण ज्यांना पूरके म्हणतो ती येथे ताटाबाहेर नाहीत. आवळा आणि सैंधव हे भात-मुगाच्या पंक्तीतच बसले आहेत.

रसायनाचा स्वतंत्र विचार अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातील एकोणचाळिसाव्या अध्यायात व चरकाच्या चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात येतो. च्यवनप्राश हा तेथलाच. रसायनाचे दोन प्रकार सांगितले आहेत : कुटीप्रावेशिक आणि वातातपिक. पहिल्यासाठी खास बांधलेल्या कुटीत दीर्घकाळ राहावे लागते. त्यासाठी सवड, सेवक, वैद्य आणि द्रव्य सर्वच हवे. दुसरा प्रकार वाऱ्या-उन्हात वावरणाऱ्यांसाठी. ह्या विभागणीतच एक सामाजिक सत्य दडलेले आहे. ताम्रपटाने अग्रहार मिळालेल्या विद्वानाला कुटी परवडेल. त्याच अग्रहाराची जमीन कसणारा कुणबी हा जन्माचाच वातातपिक.

नित्य आहाराच्या यादीकडेही ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे. तीत ज्वारी-बाजरी नाही, तूर नाही, अंबाडी नाही. गेल्या काही शतकांतील मराठवाड्यातील सामान्य माणसाचा आहार मात्र ह्यांवरच उभा होता : ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, डाळीचे वरण, रानातली पालेभाजी, ताक, आणि तोंडी लावायला जवस, तीळ किंवा कारळ्याची चटणी. शास्त्रातील आदर्श ताट आणि शेतकऱ्याचे ताट यांत असे मोठे अंतर होते. मिरची आणि पेरू हे पोर्तुगीजांच्या आगमनानंतर येथे रुळले; तत्पूर्वी आवळा, बोर, लिंबू व पालेभाज्या हाच ‘क’ जीवनसत्त्वाचा मुख्य पुरवठा असला पाहिजे.

हे अंतर काही अंशी भरून काढले ते सणांनी. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हंगामातील भाज्या, शेंगा व बोरे घालून केलेली मिसळीची भाजी; लहान मुलांच्या बोरन्हाणात बोरे, ऊस व हरभऱ्याचे घाटे; कार्तिकात आवळीच्या झाडाखालचे भोजन. ह्या चालींमागे पूर्वजांना जीवनसत्त्वांचे ज्ञान होते, असे अनुमान काढणे मात्र युक्त नाही. हंगामात जे रानात पिकले ते देवाला दाखवून सर्वांनी मिळून खावे, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु त्यामुळे वर्षातून काही दिवस तरी ताटात विविधता येई आणि ती गरिबाच्या ताटातही येई, हा परिणाम खरा आहे. वर्षातले चार दिवस उरलेल्या दिवसांची उणीव भरून काढू शकत नाहीत, हेही तितकेच खरे.

५. विसाव्या शतकातील कसोटी

अन्नात अत्यल्प प्रमाणात असूनही आवश्यक असे घटक असतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयिकमान यांच्या जावा बेटावरील संशोधनातून पुढे येऊ लागली. १९१२ साली फुंक यांनी त्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले. १९२८ मध्ये ग्रीन व मेलॅनबी यांनी ‘अ’ जीवनसत्त्व हे संसर्गाला विरोध करणारे आहे, असे प्रतिपादन केले. पोषण आणि प्रतिकार यांचा संबंध येथून प्रयोगाच्या कक्षेत आला.

भारतात ह्या विषयाचा पाया कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी घातला. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार उंदरांच्या गटांना देऊन त्यांनी वाढीची तुलना केली. शीख व पठाणांच्या आहारानंतर मराठ्यांच्या आहाराचा क्रम लागला, आणि दूध, डाळी व पालेभाज्या यांचा अभाव असलेला, मुख्यतः सडलेल्या तांदळावर आधारलेला आहार सर्वांत निकृष्ट ठरला. ह्या प्रयोगात कोणतेही एक द्रव्य विजयी झाले नाही. विजयी झाला तो संपूर्ण आहार.

मुंबईत ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून केलेले काम महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचे. गरीब थरातील गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका विशिष्ट पांडुरोगावर यीस्टचा स्वस्त अर्क गुणकारी ठरतो, असे त्यांनी १९३१ साली दाखविले. पालेभाज्यांत विपुल असणाऱ्या फोलिक आम्लाचा शोध ह्यातूनच पुढे लागला. पूरकाने चमत्कार घडविला हे खरे. पण तो घडला कारण त्या स्त्रियांच्या आहारात तो घटक मुळातच तुटपुंजा होता.

ह्या विधानाची कसोटी पुढील दीर्घ प्रयोगांत लागली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या दोन भारतीय अभ्यासांचे उदाहरण घ्यावे. तमिळनाडूत मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाची अल्प मात्रा दर आठवड्यास दिली असता बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हैदराबादजवळच्या खेड्यांत दर सहा महिन्यांनी मोठी मात्रा दिली असता मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखी नव्हती, म्हणून केवळ मात्रेला श्रेय देणे घाईचे होईल. पण एकाच द्रव्याचा परिणाम स्थलपरत्वे बदलतो, हे ह्यावरून निश्चित होते. देश, काल, संयोग आणि प्रमाण यांनुसार फल बदलते हा आत्रेयाचा मुद्दा येथे आठवावा. अतिसारात मुलांना दहा ते चौदा दिवस जस्त द्यावे, ही २००४ सालची जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची शिफारस अशाच नेमक्या पुराव्यावर उभी आहे. उलट, ‘क’ जीवनसत्त्व रोज घेतल्याने सामान्य लोकांत सर्दी होण्याचे प्रमाण कमी होत नाही, फक्त तिचा काळ थोडा घटतो, असा निष्कर्ष २०१३ सालच्या सर्वंकष परीक्षणात निघाला. आवळ्याविषयीचे आकडेही शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम ह्या जुन्या तक्त्यातील अंकावरून २०१७ च्या राष्ट्रीय तक्त्यात सुमारे २५० वर आले. आवळा त्याने लहान होत नाही. मोजमाप अधिक नेमके होते.

६. गुळवेलीचा धडा

आयुर्वेदातील द्रव्ये ह्याच काट्यावर घालून पाहण्याचे काम मुंबईच्या केईएम रुग्णालयात व शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्करोगामुळे अवरोधजन्य कावीळ झालेल्या ३० रुग्णांचा समावेश होता. शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिलेल्या गटात रक्तदोष झाला नाही, व शस्त्रक्रियेनंतर जगणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या गटातील ४० टक्क्यांच्या तुलनेत ९२ टक्क्यांहून अधिक होते. संख्या लहान असली तरी प्रश्न, मात्रा आणि रुग्ण हे तिन्ही निश्चित होते, हे ह्या कामाचे वैशिष्ट्य.

२०२० साली कोविडच्या साथीत हाच शब्दसमूह घराघरांत पोहोचला. त्या वर्षी ३१ मार्चला आयुष मंत्रालयाने च्यवनप्राश, काढा व हळदीचे दूध यांची शिफारस केली. गुळवेलीचे तुकडे उकळून कोणत्याही मात्रेत, कितीही दिवस पिण्याची चाल पडली. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० ह्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, दुसऱ्याच जातीची वेल असावी, असे म्हटले. पुढे २०२२ साली अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेक रुग्णांत शरीराची स्वतःच्याच यकृतावर हल्ला करण्याची प्रवृत्ती त्यात आढळली. प्रतिकारशक्ती ‘वाढविणे’ म्हणजे नेहमी हितच, ही समजूत येथे कोसळते. स्थूल आणि कृश अशा दोघांनाही अक्षम म्हणणाऱ्या चरकाला ही गोष्ट अपरिचित वाटली नसती.

ह्या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे एका ठिकाणी येऊन मिळते. वनस्पती ओळखून, मात्रा ठरवून, रुग्ण पाहून दिलेले द्रव्य आणि ऐकीव माहितीवर घेतलेले द्रव्य ही एक नव्हेत. केशव-बोपदेवांनी द्रव्यांची आठ वर्गांत काटेकोर विभागणी केली ती ह्याच जाणिवेने. परंपरेचे नाव घेऊन परंपरेची शिस्त टाकून देणे, हा प्रकार आजचा आहे. तेराव्या शतकाच्या माथी तो मारता येणार नाही.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : व्याधिक्षमत्व ही मुळात शरीराची अवस्था आहे, द्रव्याचा गुण नव्हे, तेव्हा कोणत्याही एका द्रव्याला ते नाव देणे ग्रंथांच्या शब्दार्थाला धरून नाही. दुसरी : हेमाद्रीने आरोग्य हे कर्तव्याचे साधन मानले आणि त्याची सिद्धी दिनचर्या, ऋतुचर्या व मात्रा यांत शोधली; परंतु त्याच्या शास्त्रातील ताट हे सर्वांचे ताट नव्हते. तिसरी : आधुनिक पूरके जेथे खरी उणीव आहे तेथे प्राण वाचवितात, आणि जेथे ती नाही तेथे त्यांचा लाभ अल्प असतो, क्वचित अपायही होतो.

ह्यावरून इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक काम उभे राहते. वैद्यकाचा इतिहास हा आजवर ग्रंथांचा आणि ग्रंथकारांचा इतिहास राहिला आहे. ताम्रपटांतील धान्याचे व करांचे उल्लेख, महानुभावांच्या गद्यातील दैनंदिन जेवणाचे तपशील, नेवासे व पैठण येथील उत्खननांतील अवशेष आणि निजामी अमदानीतील दुष्काळाची कागदपत्रे एकत्र वाचली, तर कोणाच्या शरीराला व्याधिक्षम होण्याची संधी होती आणि कोणाच्या नव्हती, हे सांगता येईल. १९६५ साली पायाभरणी होऊन १९७६ साली राष्ट्राला अर्पण झालेल्या जायकवाडी धरणाने पैठणच्या परिसरातील पीकपद्धती बदलली. ज्वारीच्या रानात ऊस आणि मोसंबी आली. ह्या बदलाने तेथील शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या ताटात काय आले आणि काय गेले, हा प्रश्न हेमाद्रीच्या टीकेइतकाच महत्त्वाचा आहे. कारण वाऱ्या-उन्हात राबणाऱ्याचे रसायन पूर्वीही त्याच्या भाकरीतच होते, आणि आजही त्याचा शोध तेथूनच सुरू करावा लागेल.